गव्हाविना आखाजी

आमचं क्वार्टर दीपनगरच्या वीज कारखान्याच्या वसाहतीत अगदी शेवटच्या ओळीत होतं. त्यामुळे मागचं अंगण मोठं आणि त्याच्या पलीकडे नुसतं रान. घरात गॅस होता, तरी मायनं त्या अंगणात चूल मांडली होती, कारण गॅसवर खापर बसत नाही. खापर म्हणजे मातीचं मोठं, गोल बुडाचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं, खाली लाकडं लावायची आणि तापलेल्या पाठीवर पुरणपोळी टाकायची. ही पोळी लाटायची नसते. ती हातांवर वाढवायची असते. पुरण भरलेला गोळा माय तळहातांवर थोपटायची, मग या हातावरून त्या हातावर झेलत झेलत मोठा करायची, शेवटी ती पोळी मनगटांच्या पुढे कोपरांपर्यंत यायची आणि इतकी पातळ व्हायची की पलीकडची तिच्या हातातली हिरवी काकणं दिसायची. मग एका झोक्यात ती खापरावर. वसाहतीतल्या लग्नांत, बारशांत मायला बोलावणं असायचं. सोलापूरकडच्या, नागपूरकडच्या बायका कडेला उभ्या राहून बघायच्या, आणि पोळी फाटत कशी नाही असं विचारायच्या. माय म्हणायची, गव्हाला विचारा. गहू चांगला असला की माझ्या हातात काही नसतं.

आखाजीच्या आधी आमच्या घराला एक वेगळाच वास यायचा. ओलवलेल्या गव्हाचा, शिजणाऱ्या डाळीचा, गुळाचा, आणि पलंगाखाली गवतात पिकत घातलेल्या आंब्यांचा. कारखान्याचा भोंगा, कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळण्याचा आवाज आणि अंगणात कणीक तिंबण्याचा धप्‌ धप्‌ आवाज हे तिन्ही माझ्या डोक्यात एकत्रच राहिले आहेत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरची पोळी खातात. एरवी आमचं जेवण म्हणजे कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत थोडे उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि तिच्यासोबत वांग्याचं भरीत नाहीतर शेंगदाण्याची चटणी. गहू सणाला, पाहुण्याला, लग्नाला. आता मागे वळून बघताना वाटतं, आम्ही रोज जे खात होतो त्यानंच माझी बहीण जगत होती, आणि आनंदाच्या प्रत्येक दिवशी आम्ही तिला आजारी पाडत होतो. पण हे तेव्हा कुणाला कळणार होतं?

माझी बहीण सुरेखा, तिला मी ताई म्हणायचे. ती लहानपणापासून पोटाची नाजूक. सण झाला की ताई झोपून असायची. आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे की तिला गोड सोसत नाही. ते कारखान्यात फिटर होते, कमी बोलायचे, आणि त्यांनी एकदा एक कारण शोधून काढलं की ते बदलत नसत. ताई दिसायला फार छान होती, पण अंगावर मांस असं कधी धरलंच नाही. तिचं लग्न धुळ्याला झालं. घर चांगलं होतं, मोठं होतं, बाजारात किराण्याचं दुकान होतं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, साधे आणि हसरे. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या घरात दोन्ही वेळा पोळ्या व्हायच्या आणि रविवारी वरण-बट्टी, बट्टी म्हणजे गव्हाच्या कणकेचे तुपात बुडवलेले गोळे. माय लग्नाच्या वेळी सगळ्यांना कौतुकानं सांगत होती की तिथं भाकर फक्त मजुरांना घालतात.

वर्षभरात ताईचा चेहरा ओळखू येईना. पोट सतत बिघडलेलं, हातपाय काड्या, केस गळायचे. दिवस राहायचे आणि टिकायचे नाहीत. धुळ्यात औषधं झाली, अंगारे झाले, मग कुणीतरी पोटाचा क्षय म्हणालं म्हणून त्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन झाल्या. त्या गोळ्यांनी जे थोडं अन्न जात होतं तेही जाईना. शेवटी दाजीच तिला आमच्याकडे घेऊन आले. त्यांनी आबांसमोर मान खाली घालून एवढंच सांगितलं की तुमच्याकडे बरी होईल तर बघा. ते गेल्यावर मायनं ताईला अंघोळ घातली. न्हाणीतून बाहेर आली तेव्हा मायचे ओठ पांढरे पडले होते. मी तेव्हा भुसावळला कॉलेजात जात होते. त्या दिवशी मी घरीच राहिले.

आबांच्या एका सोबत्यानं जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बाई तरुण होत्या, आमच्याशी घाई न करता बोलल्या. ताईच्या घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की हिला गहू चालत नाही. गव्हात जो चिकटपणा असतो, ज्यानं कणीक ताणली जाते, तोच हिच्या आतड्यांना खरवडून काढतो. याला औषध नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किट, सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, भगर चालेल. मायनं विचारलं, किती दिवस? बाई म्हणाल्या, जन्मभर. मायनं हळूच विचारलं, "सणाले पण?"

"सणाला पण," बाई म्हणाल्या. "एक घासदेखील नाही."

त्यांनी सांगितल्यावरून माझीही तपासणी झाली, कारण हे सख्ख्या भावंडांत असू शकतं. माझ्यात काही निघालं नाही. त्या बातमीनं घरात सगळ्यांत जास्त ताई खूश झाली. पुढं मी तिच्यासमोर पोळी खायला लाजायचे तर ती स्वतः माझ्या ताटात वाढायला बघायची, आणि मग माय तिचा हात धरून तिला गव्हापासून लांब करायची.

मायनं सगळं घर बदललं. तवा वेगळा आणला, परात वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं. भाकरीनं काम भागेल असं आम्हाला वाटलं होतं, पण ताई थोडी सुधारायची आणि पुन्हा आडवी व्हायची. मग माझ्या लक्षात आलं की वसाहतीच्या गिरणीत आमची ज्वारी कुणाच्या तरी गव्हावर दळली जाते. गिरणीवाल्याला सांगून पाहिलं, पण एका डब्यासाठी गिरणी उघडून धुणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्याचंही बरोबर होतं. तेव्हा आबा पाचोऱ्याकडे मायच्या माहेरी गेले आणि तिथं गोठ्यात पडलेलं जातं घेऊन आले. ते त्यांनी बसच्या टपावर चढवलं आणि उतरवलं कसं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रोज सकाळी माय आणि मी समोरासमोर बसून दळायचो. माझ्या तळहातांना घट्टे पडले. आजूबाजूच्या बायका आधी गंमत म्हणून बघायला आल्या, मग येईनाशा झाल्या.

तरीही ताईचं पोट मधूनमधून बिघडायचंच. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकातली एकेक वस्तू विचारत विचारत हिंगाचं विचारलं. आमच्याकडे वरणाला रोज हिंगाची फोडणी असायची. बाई म्हणाल्या की डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घरी आल्यावर मायनं हिंगाची डबी उचलून अंगणापलीकडे भिरकावली आणि ओसरीवर बसून राहिली. तिच्याच हातानं रोज फोडणी पडत होती. ताई तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर मात्र ताई खरंच सुधारली. गालांवर रंग आला, केस धरले, कुंकू लावायला आरशासमोर थांबायला लागली. उपासाचं सगळं तिला चालायचं, म्हणून माय साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ यांचं काहीबाही करत राहायची. ताई हसून म्हणायची की माझा जन्मभराचा उपास सुरू झाला, देव नक्की पावेल. दाजींचे फोन शेजारच्या साहेबांच्या घरी यायचे आणि ताई पदर सावरत धावत जायची. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी अक्का आणि दाजी तिला न्यायला येणार असं ठरलं. तेव्हापासून मायनं एक गोष्ट मनात घेतली. खापरावरची पोळी गव्हाशिवाय करायची. अक्कांना ती खाऊ घालायची. एवढा सगळ्यांत अवघड पदार्थ गव्हाशिवाय होतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की मग त्यांच्या घरातही आपल्या पोरीपुरतं सगळं होईल, असं तिचं गणित होतं. आबांनी समजावून बघितलं की व्याह्यांना पुरणपोळी न घालता कसं पाठवायचं, त्यांच्यासाठी तरी गव्हाची कर. माय म्हणाली, पोरगी इथं असेपर्यंत आता या घरात गहू येणार नाही.

मी ते प्रयोग विसरू शकत नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढली, तर गोळा हातावर घेताच तडकला. ज्वारीला पुरणाचं वजनच पेलेना. उडदाच्या पिठानं चिकटपणा आला, पण तो हाताला चिकटणारा, ताणला जाणारा नव्हे. कुणीतरी कच्च्या केळ्याचं पीठ सांगितलं. केळ्याला आमच्याकडे काय तोटा? मायनं घडच्या घड चिरून पत्र्यावर वाळवले, जात्यावर दळले. त्याची पोळी काळपट झाली आणि खापरावर पडताच तिचे तुकडे झाले. साबुदाण्याची पेज घालून झाली, इसबगोलाचा भुसा घालून झाला. इसबगोलानं मात्र गोळा जरा धरला, आणि मायनं श्वास रोखून तो तळहातावरून बोटांपर्यंत नेला. मी बघत होते. तो मनगटाशी आला आणि मधोमध फाटला, पुरण तिच्या पायावर पडलं. माय खाली बसली, पुरण गोळा केलं आणि पुन्हा पीठ भिजवायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्यानं कणीक ताणली जाते तेच विष आहे. मायनं ते ऐकलं होतं. मला वाटतं तिला ते कळलंही होतं. तरी ती करत राहिली.

आता माझ्या मोबाइलवर रोज असे पदार्थ करून दाखवणाऱ्या पोरी येतात. गव्हाशिवाय केक, गव्हाशिवाय नान. जळगावात मोठ्या दुकानांत तसल्या पिठांची पाकिटं मिळतात. एकदा मी मायला एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक मुलगी कसल्याशा मिश्रणाची पातळ पोळी लाटत होती. मायनं शेवटपर्यंत बघितला. मग फोन माझ्या हातात परत दिला आणि देवघराकडे निघून गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी ताईच म्हणाली, "माय, पुरे आता. मले भाकरीवर पुरण दे. त्यात काय कमी हाये?" पण मायला ते कमी वाटत होतं. शेवटी जी जमली ती पोळी धिरड्यासारखी जाड, वितीएवढी, खापरावर हातानंच थापलेली होती. आखाजी झाल्यावर ठरल्याप्रमाणे अक्का आणि दाजी आले. ताईला बघून दाजींचे डोळे इतके निवळले की मी दुसरीकडे बघितलं. अक्कांनीही तिच्या तोंडावरून हात फिरवला, खरंच मायेनं फिरवला. पानं मांडली. आंब्याचा रस, कुरडयांऐवजी ज्वारीचे पापड, तांदळाची खीर, वांग्याची भाजी आणि त्या पोळ्या, तुपात भिजवलेल्या. मायनं वाढताना सांगितलं की हे सगळं गव्हाशिवाय आहे. दाजींनी पहिली पोळी मुकाट्यानं संपवली आणि दुसरी मागितली. आबा ताटाकडे बघत जेवत होते. अक्कांनी एक तुकडा रसात बुडवून खाल्ला, चांगली झाली म्हणाल्या, आणि मग खीरच खाल्ली.

जेवणं झाल्यावर मायनं विषय काढला. वेगळा तवा, वेगळं पीठ, हिंग बंद, सगळं सांगितलं. पीठ मी दळून पाठवत जाईन म्हणाली. अक्का शांतपणे ऐकत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. त्यांचं सगळं आयुष्य त्या घराच्या परातीत कणीक मळण्यात गेलं होतं. तुमचं सगळं खरं आहे अशी मान हलवत त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन आम्हना घरमा धा माणसं जेवतस. पीठ उडस, हात लागस. मी एकलीसाठे घर कशी बदलू?" मग थोडं थांबून, मायकडे न बघता म्हणाल्या, "तिले आठे बरं शे. आठेच ऱ्हाऊ द्या." म्हणजे ताईला इथंच, आमच्याकडेच राहू द्या.

दाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. मायनं त्यांच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, पण ते वर बघेनात. तेवढ्यात आतून ताई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती अक्कांना म्हणाली की मी येते, माझं मी करून घेईन, तुम्हाला काही बदलावं लागणार नाही. माय म्हणाली, "तू मरशीन तिथं." ताई म्हणाली की इथं राहिले तर काय होईन, टाकलेली बाई होईन. ती हे रागानं बोलली नाही. ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली, आणि मी तिला मदत केली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

सुरुवातीला ताईनं खरंच सगळं नीट केलं. मी दिवाळीनंतर धुळ्याला गेले तेव्हा मागच्या गॅलरीत तिचा लहानसा स्टोव्ह होता, त्यावर वेगळा तवा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती तिथं एकटी बसून भाकर करायची आणि तिथंच खायची. जावेची पोरं विचारायची की काकू बाहेर का जेवते. लग्नाकार्यात ती उपास आहे असं सांगायची, आणि बायका विचारायच्या, कुठल्या देवाचा. पुढच्या खेपेला मी गेले तो रविवार होता. बट्ट्या झाल्या होत्या. ताई सगळ्यांबरोबर पंगतीत बसली होती आणि तुपात कुस्करलेली बट्टी वरणाबरोबर खात होती. मी तिच्याकडे बघत राहिले. नंतर गॅलरीत मी रडायला लागले तर तिनंच माझी समजूत काढली. म्हणाली, "नंदे, किती दिवसांनी सगळ्यांत बसून जेवले गं. कोणी काही विचारलं नही."

मी घरी येऊन मायला सांगितलं. माय दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेली. ताईनं तिला शब्द दिला, आणि तो बहुधा काही दिवस पाळलाही असेल. माय जातं फिरवत राहिली, धुळ्याला जाणारा कुणीही भेटला की त्याच्याकडे पिठाचा डबा देत राहिली. ताईचा निरोप यायचा की पीठ छान होतं. मायशी ती तेवढं एकच खोटं बोलली असेल. ती आजारी पडल्याचं कळून आम्ही गेलो तेव्हा मायला तिच्या खोलीत पलंगाखाली ते डबे सापडले. न उघडलेले, ओळीनं ठेवलेले. पिठाला जाळी धरली होती. मायनं एकेक डबा उघडून बघितला आणि पुन्हा झाकण लावलं. ताई पलंगावरून बघत होती.

डॉक्टरांनी आतड्यात गाठ असल्याचं सांगितलं. इतकी वर्षं जे आतडं जळत राहिलं त्यात ती झाली असावी, असं म्हणाले, पण खात्रीनं कुणीच सांगेना. शेवटचे काही महिने माय तिच्याजवळच होती. दाजी रोज सकाळी तिला फिरवायला नेत, मग नुसते अंगणापर्यंत, मग खिडकीपर्यंत. अक्का रात्रंदिवस उशाशी बसत. तांदळाची पेज चमच्यानं घालायची, आणि तीही ओठांच्या कडेनं परत यायची. एक दिवस तिनं पेजही नको म्हणून तोंड फिरवलं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

तेराव्याला आम्ही सगळे धुळ्यात होतो. मोठा स्वयंपाक होता, माणसं खूप होती. ताईच्या नावाचं पान पहिल्यांदा वाढायचं होतं. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी मायला सांगितलं की तिच्या पानासाठी मी सगळं वेगळं केलंय. पहाटेच उठून ओटा धुतला, नवा तवा आणला, हिंग घातला नाही. ज्वारीची भाकर होती, तांदळाची खीर होती. शेजारी बाकीच्यांसाठी केलेल्या पुरणपोळ्यांची चळत होती. अक्का म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, तिले काय वाढू?"

मायनं त्या भाकरीकडे बघितलं. मग त्या पोळ्यांकडे बघितलं.

"वाढा, जे हाये ते," माय म्हणाली. "आता तिले काही बाधत नही."

अक्का हातात ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं की उशीर होतोय. मग त्या खाली वाकल्या आणि त्यांनी पानावर दोन्ही वाढलं.